'लॅबमध्ये कधी पाऊल टाकलंय का, ताई?' या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया रात्रीच वाचली. तेव्हाच लिहायला बसले असते तर तोंडाला येईल ते लिहून गेले असते, म्हणून सकाळपर्यंत थांबले.

लेन्टिव्हायरस (एचआयव्ही ज्या गटातला, ते विषाणू) वापरून माणसाच्या पेशीतला एखादा जीन गप्प कसा करतात, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप बरेच आहेत. त्यातलं एक वाक्य मात्र निव्वळ टोमणा आहे: 'एचआयव्ही माणसाच्या पेशीत सोडायचा आणि वर घाबरू नका म्हणायचं, हे लॅबमध्ये कधी पाऊल न टाकलेल्या ताईंनाच सुचतं.' आधी 'ताई' म्हणायचं आणि मग हे! आमच्या सांगलीत चहा पाजून अपमान करत नाहीत. मिरजेत तशी रीत असेल तर कल्पना नाही.

पाऊल टाकलंय, दादा. पुण्यात उमेदीची वर्षं पेशी वाढवण्यातच गेली. २९३टी, म्हणजे ज्यांच्याकडून विषाणूचे कण बनवून घेतात त्या माणसाच्या पेशी. त्यांच्यावरचं गुलाबी मिडियम, म्हणजे पोषक द्रव, दोन-तीन दिवसांत पिवळट पडतं. हातात दुहेरी ग्लोव्हज घालून ते ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून सिरिंजने हळूहळू ढकलायचं, वापरलेली प्रत्येक टिप ब्लीचमध्ये. ते गाळलेलं द्रव ज्या पेशींतला जीन गप्प करायचा त्यांच्यावर घालायचं. मग प्युरोमायसिन, हे पेशी मारणारं औषध. ज्या पेशींत व्हेक्टर, म्हणजे आपला निरोप पोचवणारा पांगळा केलेला विषाणू, शिरलेला नाही त्या गोल होऊन तरंगायला लागतात. हे गुगलवरून उचललेलं नाही.

आता 'एचआयव्ही सोडायचा' याबद्दल. कुणी सोडत नाही हो! एचआयव्ही-१ चे नऊ जीन. तिसऱ्या पिढीच्या व्हेक्टरसाठी त्यातले गॅग, पोल आणि रेव्ह एवढेच लागतात, तेही कण तयार करणाऱ्या पेशींत, वेगवेगळ्या प्लाझमिडवरून, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळांवरून. बाहेर पडणाऱ्या कणात त्यांतला एकही जीन भरलेला नसतो. आवरणसुद्धा गुराघोड्यांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या दुसऱ्याच विषाणूचं. कण पेशीत शिरतो, आपल्या आरएनएचा डीएनए करून गुणसूत्रात बसवतो आणि तिथेच संपतो, नवे कण तयार होत नाहीत. त्या डीएनएवरून हेअरपिनसारखा दुमडलेला छोटा आरएनए बनत राहतो, डायसर हे पेशीतलं एन्झाइम तो कापतं आणि त्या तुकड्यामुळे ठरलेल्या जीनचा एमआरएनए, म्हणजे जीनवरून काढलेली नक्कल, तुटतो. मूळ दस्त कचेरीत सुखरूप, फाटते ती नक्कल.

आणि 'घाबरू नका' म्हणजे 'काळजी घेऊ नका' असं मी कुठे लिहिलंय? परवानगी कोण देतं, हेही विचारलंत. संस्थेची जैवसुरक्षा समिती असते. लेखात होतं. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

घाबरायचंच होतं तर पॅरिसचं उदाहरण द्यायचं होतंत. प्रतिकारशक्तीच नसलेल्या मुलांवर तिथे जीन उपचार झाले. उंदराच्या ल्युकेमिया विषाणूपासून केलेला व्हेक्टर काही मुलांत एलएमओ२ या जीनशेजारी जाऊन बसला आणि २००२ साली रक्ताचा कर्करोग समोर आला. व्हेक्टर गुणसूत्रात नेमका कुठे बसेल हे आपल्या हातात नसतं, हा खरा काळजीचा मुद्दा. पण तो मुद्दा माणसावरच्या उपचारातला. माझा लेख प्लेटमधल्या पेशींवर होता. तुम्ही मात्र एचआयव्ही हे नाव दिसताच बिथरलात.

एक गोष्ट मान्य करते, कारण मी हट्टी नाही. त्या लेखाच्या शीर्षकात 'जीन बंद' लिहिलं ते जरा भडक झालं. जीन पूर्ण बंद होत नाही, त्याचा आवाज बसतो, थोडा उरतोच. आरएनएने जीन गप्प करता येतो, या फायर आणि मेलो या शास्त्रज्ञांच्या १९९८च्या शोधाचा उल्लेखही हवा होता, त्यावर २००६चं नोबेल आहे. झालं समाधान?

इंग्रजी शब्दांची तक्रार सोडून देते. राहता राहिला भलताच जीन गप्प होण्याचा प्रश्न. एकाच जीनवर दोन-तीन वेगवेगळे हेअरपिन लावून पडताळतात, हे पीएचडीचं कुठलंही पोर सांगेल. पुढच्या लेखात ते येणारच होतं, तुमच्या सांगण्यावरून नव्हे.