कंडेन्सरला फुकटचं श्रेय: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

चाळीस वर्षं सोल्डरिंग केल्याचं तुम्ही लिहिलंत, म्हणून काका म्हणतोय; राग नसावा.

घरी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय (ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर आणि त्यांचं वायरिंग) बदलल्याच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप असे: कंडेन्सर (सप्लायमधली वीज साठवणारी टाकी) ४७०० चे १०,००० मायक्रोफॅरड केल्यामुळे हम (स्पीकरमधला सततचा घूं आवाज) गेला, हे साफ चूक. बास (खालचे सूर) 'घट्ट' झाला, हा पैसे खर्च केल्यावर सगळ्यांनाच होणारा भास. फोटोत फ्यूज दिसत नाही, बघून करणारी पोरं शॉक खातील. आणि जाता जाता, 'त्यापेक्षा एसएमपीएस (मोबाइल चार्जरसारखा, जड ट्रान्सफॉर्मर नसलेला सप्लाय) लावायचा होता.'

पहिल्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात. आधी चिडलो, मग कागद-पेन घेऊन बसलो. एलएम ३८८६ (आवाज मोठा करणारी चिप, दर चॅनलला एक) गप्प बसलेला असताना साधारण ५० मिलिअँप खातो, दोन चॅनलचे झाले १००. ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) कंडेन्सर सेकंदाला १०० वेळा भरतो, म्हणजे मधे १० मिलिसेकंद. तेवढ्यात ४७०० मायक्रोफॅरडवरचा व्होल्टेज जेमतेम ०.२ व्होल्टने उतरतो. त्यातलंही चिप जवळजवळ काही पुढे जाऊ देत नाही. डेटाशीटमध्ये सप्लाय रिजेक्शन (सप्लायची चढउतार आवाजात न उतरू देण्याची ताकद) १०० डेसिबलच्या वर दिलंय. आणि माझा हम तर गाणं बंद, व्हॉल्यूम शून्यावर, अशा वेळीच ऐकू यायचा. करंट सगळ्यात कमी असताना रिपलही (व्होल्टेजची ही चढउतार) सगळ्यात कमी, मग हम रिपलचा कसा? हे मला लेख लिहिताना सुचायला हवं होतं.

मग रविवारी डबा पुन्हा उघडला. नव्या वायरिंगवर जुने ४७०० लावले: हम नाही. नंतर नवे १०,००० परत लावले आणि फक्त इनपुट सॉकेटची ग्राउंड वायर पूर्वीच्या जागी जोडली: हम हजर, आणि आधीपेक्षा जोरात.

ती पूर्वीची जागा म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपपासून (मधल्या टोकापासून) कंडेन्सरच्या सांध्यापर्यंतची वीतभर वायर. जवळ पडली म्हणून मी मधेच डकवली होती. कंडेन्सर भरतानाचा करंट संथ वाहत नाही, सेकंदाला १०० हिसके बसतात, आणि हिसक्यात तो काही अँपपर्यंत जातो. वीतभर तांब्यालाही रोध असतोच. त्यावर पडणारे मिलिव्होल्ट थेट इनपुटच्या ग्राउंडला मिळत होते, आणि पुढे वीसपट गेन (सिग्नल मोठा करणं) बसलेला. कंडेन्सर मोठा केला की हिसके अजून अरुंद आणि उंच होतात, म्हणून त्या जागेवर नवे कंडेन्सर जास्त गुरगुरले. नवे कंडेन्सर जुन्या पीसीबीवर मावेनात म्हणून मी सगळं ग्राउंड उपटून कंडेन्सरच्या पुढे एका बोल्टवर आणलं होतं. काम बोल्टने केलं आणि हार कंडेन्सरच्या गळ्यात पडला.

एक गंमत सांगतो. हा १०० हर्ट्झचा हम पांढरी पाचमध्ये लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाला जवळजवळ भिडतो, किंचित चढा. मी अ‍ॅम्प्लिफायर तपासायला नेहमी ख्यालाची रेकॉर्डिंग लावतो, त्यामुळे कित्येक महिने तो तानपुऱ्याच्या आड बसून होता. बातम्या लावल्या तेव्हा सापडला.

बासचं मात्र मी मागे घेणार नाही. शब्द चुकला हे कबूल. 'घट्ट' हा दुकानदारी शब्द आहे. पण आकडे बघा. जुना ट्रान्सफॉर्मर १८-०-१८, लेबलवर ३ अँप. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात घेतला, हातात हलका लागला तेव्हाच समजायला हवं होतं. गप्प असताना सप्लाय दोन्हीकडे २६ व्होल्ट. दोन्ही चॅनल जोरात वाजवले की मल्टिमीटर १९ पर्यंत घसरायचा. चिपला स्वतःसाठी दोनअडीच व्होल्ट लागतात, उरले साडेसोळा. ८ ओहमच्या स्पीकरवर हे झाले १७ वॅट, पुढे लाटेची डोकी कापली जाणार. आताचा २२-०-२२, ५ अँपचा (हा घेताना तराजूच मागितला, तीन किलो भरला) त्याच जोरावर २८ च्या खाली जात नाही, म्हणजे ४० वॅटच्या आसपास. डग्ग्याचा घुमारा पूर्वी मोठ्या आवाजात फाटायचा, आता फाटत नाही. यात भास कुठे आहे? रात्री हळू आवाजात ऐकताना मात्र मला जुन्या-नव्यात काडीचा फरक कळत नाही, हे लेखात लिहायचं राहिलं. आणि इथेही श्रेय ट्रान्सफॉर्मरचं.

फ्यूज आहे, मागच्या सॉकेटमधे, स्लो ब्लो (चालू करतानाचा क्षणिक झटका सोसणारा). फोटो पुढून काढला होता. धातूच्या डब्याला अर्थिंगही वेगळ्या बोल्टने दिलंय. पण तुमच्या ओरडण्यामुळे दुसरंच सापडलं. कंडेन्सरवर ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर साठलेली वीज जिरवणारा) नाही. प्लग काढून जेवायला गेलो, परत येऊन स्क्रूड्रायव्हर लागला तर चटकन ठिणगी उडाली आणि टोकाला खड्डा पडला. आता दोन्ही बाजूंना २.२ किलोओहम, २ वॅटचा एकेक टाकतोय. मिनिट-दीड मिनिटात कंडेन्सर रिकामा. आणि नवख्यांसाठी लेखाच्या अगदी वर घालतो की आधी घरच्या तीन पिनच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. आमच्या गिरगावातल्या जुन्या घरी तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती.

एसएमपीएसबद्दल भांडण नाही. चांगला असेल तर हलका, स्वस्त आणि व्होल्टेजला पक्का. मला तीन किलोचं धूड पिशवीत घालून ग्रँट रोड स्टेशनचा जिना चढायची हौस आहे, एवढंच.

लेखातलं हमबद्दलचं वाक्य पुसलेलं नाही, त्यावर रेघ मारून खाली दुरुस्ती लिहिली आहे. आता एकच उरलंय, ते तुम्हालाच विचारतो. टीव्हीचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरवर घेतला की एक वेगळा, खालचा हम येतो, ५० हर्ट्झचा असावा. केबलवाल्याची वायर सेट टॉप बॉक्समधून उपसली की जातो. ग्राउंडचा लूप (दोन ठिकाणच्या ग्राउंडमधून फिरणारा करंटचा फेरा) त्या केबलच्या जाळीतूनच पूर्ण होतोय असं वाटतं. अर्थिंग तोडा असं सांगणारे बरेच भेटले, ते मी करणार नाही. तुम्ही केबलच्या बाजूला आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन ग्राउंड तोडणारा) लावाल की ऑडिओच्या बाजूला ट्रान्सफॉर्मर?