तीन महिन्यांत जॉबच्या नोंदी पुसायच्या का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

लॅबच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर) पोरांची कामं, म्हणजे जॉब, रांगेत लावून चालवणारी प्रणाली म्हणजे स्लर्म. तिच्या नोंदी निदान तीन वर्षं ठेवाव्यात, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: जॉब संपला, पोराला निकाल मिळाला, विषय संपला. लहान कॉलेजचा डेटाबेस नुसता फुगतो, एस-ॲक्ट, म्हणजे या नोंदी काढून दाखवणारी कमांड, रखडतं आणि पोरांची खासगी माहिती उगाच साठत राहते. म्हणून तीन महिन्यांच्या वरचं सगळं पुसून टाकावं. तुम्ही स्वतः लॅब सांभाळता, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आपल्याकडचं वर्ष तीन महिन्यांत मावत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल अंतिम वर्षाचे प्रकल्प, तेव्हा रांग हलत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, एसी दमतो, भरदुपारी लाईन जाते आणि नोड, म्हणजे क्लस्टरमधले संगणक, बंद पडतात. यूपीएसच्या बॅटऱ्या किंवा एखादा नोड मागायची वेळ येते ती नवीन सत्र सुरू झाल्यावर. तोवर तुमच्या हिशेबाने मार्चची रांग पुसली गेलेली असते. मग व्यवस्थापनापुढे काय ठेवणार? ‘खूप गर्दी होती साहेब’ एवढ्यावर कुणी पैसे देत नाही. जिनिंगवर कापूस मोजून झाला तरी चुकारा हाती पडेपर्यंत कास्तकार काटापट्टी जपून ठेवतो, तसंच हे आहे.

नोंद असली तर बोलता येतं. जॉब एलिजिबल, म्हणजे सुरू व्हायला पात्र, झाल्याची वेळ आणि सुरू झाल्याची वेळ यांतला फरक म्हणजे खरी वाट पाहणं. सबमिटची वेळ धरू नका, कारण दुसऱ्या जॉबवर अवलंबून असलेला जॉब स्वतःहूनच थांबलेला असतो. नोड-फेल, म्हणजे नोड पडल्यामुळे मेलेले, जॉब वेगळे काढून ते दिवसाच्या कोणत्या तासाला पडले हे मांडलं, की बॅटऱ्यांचा मुद्दा आपोआप उभा राहतो.

तुम्ही म्हणाल, एकूण तास तर एस-रिपोर्ट (वापराचा अहवाल काढणारी कमांड) देतंच. बरोबर. ते तास, दिवस आणि महिन्याच्या बेरजांवरून चालतं, आणि त्या बेरजांची पर्ज-मुदतही (जुनं पुसण्याची मुदत) वेगळी असते. फेअरशेअरलाही (कुणी किती वापर केला यावरून रांगेतलं प्राधान्य ठरवण्याची पद्धत) जुन्या जॉबच्या ओळी लागत नाहीत, हेही मान्य. पण 64 जीबी मागून प्रत्यक्षात 6 जीबी वापरणारा जॉब बेरजेत दिसत नाही. मेमरी कमी पडून मेलेला जॉबही दिसत नाही. चार नोडच्या क्लस्टरवर एकाने अडवून ठेवलेली मेमरी म्हणजे दुसऱ्याची गेलेली रात्र, म्हणून मला हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

एक बारकावा इथे आहे. वापरलेली कमाल मेमरी, म्हणजे मॅक्स-आरएसएस, जॉबच्या ओळीत नसून स्टेपच्या, म्हणजे जॉबमधल्या एकेका टप्प्याच्या, ओळीत असते. डेटाबेस बहुधा फुगवतात त्या स्टेपच. एकेका स्क्रिप्टमध्ये शेकडो एस-रन (स्टेप सुरू करणारी कमांड) लावणारे विद्यार्थी तुमच्याकडेही असतीलच. म्हणून दोन्हींना एकच मुदत लावू नये. जॉबला तीन वर्षं, स्टेपला सव्वा वर्ष असं माझं मत. म्हणजे गेल्या मार्चची तुलना या मार्चशी करता येते. मॅक्स-आरएसएस ठरावीक अंतराने नमुने घेऊन मोजलेला आकडा असतो आणि हे अंतर मुळात 30 सेकंदांचं असतं. क्षणभरची उसळी त्यातून सुटू शकते, तेव्हा पोरांची मर्यादा अगदी काठोकाठ बांधू नका.

आता एस-ॲक्ट रखडण्याबद्दल. तारीख न देता चालवलं तर ते आज मध्यरात्रीपासूनचेच जॉब दाखवतं. मग घाईत माणूस पाच वर्षांमागची तारीख टाकतो आणि सगळ्यांचे सगळे जॉब मागतो. त्यात दोष नोंदींचा नाही. सुरुवात आणि शेवट दोन्ही द्या, महिना-महिना काढा, स्टेप नको असतील तर फक्त जॉबच्या ओळी मागा. स्लर्मडीबीडीत (नोंदींचा डेटाबेस सांभाळणारा स्लर्मचा प्रोग्राम) एका वेळी किती काळाचं मागता येईल यावर मर्यादाही घालता येते. मारियाडीबीचा, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसचा, इनोडीबी बफर पूल (मेमरीत राखून ठेवलेली जागा) मूळ आकारावरच असेल तर आधी तो वाढवा. आणि जॉबची अवस्था देऊन शोधताना तारीख विसरलात तर फक्त या क्षणी त्या अवस्थेत असलेले जॉब येतात. यादी रिकामी दिसली म्हणून नोंदच नाही असं समजू नका.

पर्ज लावणारच असाल तर आधी अर्काइव्ह (पुसण्याआधी नोंदी फाइलींत काढून ठेवण्याची सोय) चालू करा आणि त्याची जागा स्वतः ठरवून द्या. जागा दिली नाही तर फाइली टेम्प फोल्डरमध्ये जातात. अनेक लिनक्समध्ये मशीन पुन्हा सुरू झालं की ते रिकामं होतं, आणि आपल्याकडे लाईन किती वेळा जाते हे मी तुम्हाला काय सांगू! मुदत महिन्यांत लिहिली तर पुसण्याचं काम महिन्याच्या सुरुवातीला एकदम होतं. दिवसांत लिहिली तर रोज थोडं थोडं होतं. अनेक वर्षांचा साठा असेल तर मुदत टप्प्याटप्प्याने खाली आणा, नाहीतर पहिल्याच पर्जला डेटाबेस अडकून बसेल.

खासगीपणाची तुमची काळजी मला पूर्ण पटते. पण तिचा उपाय वेगळा आहे. प्रायव्हेट-डेटा ही सेटिंग मुळात बंद असते, त्यामुळे कुणीही कुणाचेही जॉब पाहू शकतो. आजचेसुद्धा! स्लर्मडीबीडीच्या फाइलमध्ये ती जॉब आणि वापर या दोन्हींसाठी चालू करा. पोरगी कॉलेज सोडून गेल्यावर तिची नोंद कोण पाहणार आणि कशासाठी, हे लॅबच्या नियमांत लिहून ठेवा. माझ्या मते ती विभागप्रमुख आणि सिस्टिम सांभाळणारा यांनीच पाहावी, तीही वर्षाचा अहवाल आणि बिघाड तपासण्यापुरती. जॉबची स्क्रिप्ट साठवण्याची सोय 21.08 आवृत्तीपासून आली आहे. ती तुमच्याकडे चालू असेल तर तिथे मात्र तुमचे तीन महिने मला मान्य आहेत, कारण स्क्रिप्टमध्ये पोरं पासवर्डसुद्धा लिहून ठेवतात.