सवलत तिकिटात, पायरी मात्र तेवढीच उंच

एसटीच्या तिकिटात दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे, हे आम्हाला इतक्या वेळा ऐकवले जाते की जणू त्यापुढे आम्ही तोंड उघडूच नये. सवलत हवीच आहे. पण ज्या बसमध्ये चढताच येत नाही, तिचे तिकीट फुकट दिले तरी त्याचे काय लोणचे घालायचे?

लहानपणीच्या पोलिओमुळे माझ्या डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा पट्टा-सांगाडा, आहे. गुडघ्याची कडी लावलेली असली की तो पाय दुमडत नाही, त्यामुळे नागपूरच्या शहर बसच्या पायरीवर आधी कुबडी आत सरकवायची, मग उजवा पाय वर टाकायचा, मे महिन्यात चटका देणारी ती लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरून सगळे अंग वर ओढायचे आणि डावा पाय मागून आणायचा, असा तो कार्यक्रम असतो. त्यात चालक थांबा सोडून बस रस्त्याच्या मधोमध उभी करतो, म्हणजे फुटपाथच्या उंचीचा जो काही आधार मिळाला असता तोही जातो आणि पायरी वीतभर आणखी उंच होते. वरून वाहकाचे ‘चला, चला, आटपा लवकर’ सुरूच असते, आणि मी दांडीला लोंबकळत असतानाच गाडी हलते. राखीव आसनावर तोपर्यंत एखादा धडधाकट तरुण मोबाइलमध्ये डोके खुपसून बसलेला असतो. त्याला उठवणे हे वाहकाचे काम आहे, असे वाहकाला मात्र कधीच वाटत नाही.

मेट्रोचे कौतुक मी स्वतः करतो. 2019 मध्ये ती धावू लागली आणि डिसेंबर 2022 मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला. लिफ्ट आहे, फलाट आणि डबा जवळपास एका पातळीत आहेत, आणि सीताबर्डी स्थानकात ऑरेंज मार्गिकेवरून अ‍ॅक्वा मार्गिकेवर जायला मला कोणाचा हात धरावा लागत नाही. राग येतो तो नेमका यामुळेच, कारण या शहराला हे जमत नाही असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. पण मेट्रो काही माझ्या दारात येत नाही. स्थानकापर्यंतच्या फुटपाथवर उखडलेले गट्टू, ठेले आणि दुकानदारांचे फलक असतात, आणि जिथे चुकून उतार केला आहे तिथे बरोबर कोणाची तरी मोटारसायकल आडवी लावलेली असते. मग ऑटो करावा लागतो, आणि सवलतीत वाचलेले सगळे पैसे ऑटोच्या भाड्यात जातात. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तर तोही मार्ग सहसा नसतो.

कायदा नाही म्हणावे, तर 2016 चा दिव्यांग हक्क अधिनियम आहे. त्याच्या कलम 41 मध्ये बसथांब्यांपासून वाहनांपर्यंत सगळे आहे. फक्त जुन्या गाड्यांच्या बदलांपाशी ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य’ आणि ‘आर्थिकदृष्ट्या परवडणारे’ अशा पळवाटाही तिथेच, व्यवस्थित ठेवल्या आहेत. इमारती आणि वाहने दिव्यांगांना सहज वापरता यावीत यासाठीचे सुगम्य भारत अभियान 2015 चे. नियमांतील सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक करा, असे सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर 2024 मध्ये सांगावे लागले, आणि त्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत द्यावी लागली. एवढ्या वर्षांत काय चालले होते, हे त्यावरून कळते.

नव्या बस घेताना तरी, जमिनीपासून 400 मिलिमीटर उंचीवर तळ असलेल्या लो-फ्लोअर गाड्या आणि रॅम्प निविदेतच लिहा. केंद्राच्या शहर बसच्या निकषांत तो प्रकार आहेच. तोवर बस थांब्याला लागून उभी करायला आणि आमचे दोन्ही पाय आत येऊन आम्ही बसेपर्यंत ती न हलवायला कुठलीही निविदा लागत नाही आणि कुठलाही निधी लागत नाही. आगारातून निघणारे एक पानाचे परिपत्रक आणि ते न पाळणाऱ्याला दंड, एवढ्यावर हे उद्या सकाळच्या पहिल्या फेरीपासून सुरू होऊ शकते.