शोस्ताकोविच खरंच 'छुपे बंडखोर' होते?

रशियन संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच यांच्याबद्दल एक मजकूर सतत फिरत असतो: वरवर सोव्हिएत सत्तेचे गोडवे गाणारा हा माणूस आतून कट्टर स्टालिनविरोधी होता, सिंफनींमधून गुप्त संदेश पेरत होता आणि आठवणींत त्याने हे कबूलही केलंय. त्यांचं संगीत मला फार जवळचं आहे, म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं.

आधी ती 'कबुली'. सोलोमन वोल्कोव्ह यांनी शोस्ताकोविच यांच्या नावावर या आठवणी न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध केल्या त्या १९७९ साली, म्हणजे ते वारल्यावर चार वर्षांनी. पुढच्याच वर्षी संशोधक लॉरेल फे यांनी दाखवून दिलं की त्यातले काही लांबलचक उतारे शोस्ताकोविच यांच्याच आधी छापून आलेल्या लेखांतून जवळपास जसेच्या तसे घेतलेत. आणि हस्तलिखितावरच्या शोस्ताकोविच यांच्या सह्या बहुतेक अशाच पानांवर! अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या त्याच वर्षी आलेलं हे पुस्तक पश्चिमेला हवंहवंसं वाटलं, यात नवल नाही.

म्हणे युद्धकाळात लिहिलेल्या सातव्या सिंफनीतलं आक्रमण हिटलरचं नसून स्टालिनचं आहे. या सिंफनीचा प्रवासच पाहा. १९४२ मध्ये तिची स्वरलिपी मायक्रोफिल्मवर तेहरान-कैरोमार्गे अमेरिकेत पोचली, वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनींनी ती रेडिओवरून वाजवली, 'टाइम'च्या मुखपृष्ठावर अग्निशमन दलाचं शिरस्त्राण घातलेले शोस्ताकोविच झळकले. तेव्हा रशिया दोस्तराष्ट्र होतं. शीतयुद्ध सुरू झालं आणि तीच सिंफनी पश्चिमेत अनेकांना बटबटीत प्रचार वाटू लागली. १९७९ नंतर ती स्टालिनविरोधी ठरली. स्वर तेच, हवा बदलली.

पाचव्या सिंफनीच्या शेवटातला जल्लोष खोटा आहे हेही ठामपणे सांगितलं जातं. वाद्यवृंद चालवताना बर्नस्टाइन यांनी तो सुसाट नेला, रोस्ट्रोपोविच यांनी जड पावलांनी. दोन्ही ऐका, मग ठरवा.

'त्यांनी मनापासून कधी साथ दिलीच नाही' हे तर कोणी सिद्ध करूच शकत नाही. भीती खरी होती: १९३६ मध्ये स्टालिनने त्यांचा ऑपेरा पाहिल्यावर पक्षाचं वृत्तपत्र 'प्रावदा'ने त्यांना झोडपलं, पुढच्या वर्षी त्यांचे आश्रयदाते मार्शल तुखाचेव्हस्की यांना गोळ्या घातल्या गेल्या. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत रशियातून बाहेर पडलेले संगीतकार निकोलस नाबोकोव्ह यांनी भर सभेत त्यांना विचारलं, संगीतकार स्ट्राविन्स्कीचा सोव्हिएत सत्तेने केलेला निषेध तुम्हाला मान्य आहे का? त्यांना 'हो' म्हणावं लागलं. हेच नाबोकोव्ह पुढे ज्या सांस्कृतिक संघटनेचे सरचिटणीस झाले, तिला सीआयएचा पैसा होता. म्हणजे प्रश्न विचारणाराही राजकारणाबाहेर नव्हता.

१९६० मध्ये शोस्ताकोविच कम्युनिस्ट पक्षात गेले. दोनच वर्षांनी तेराव्या सिंफनीत त्यांनी कीव्हजवळच्या बाबी यार इथे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडावरची, रशियातल्या ज्यूद्वेषावर बोट ठेवणारी येव्तुशेंको यांची कविता घेतली. वरून दबाव असतानाही ती मॉस्कोत, भर सभागृहात गायली गेली. यात गुप्त काय होतं? आणि १९७३ मध्ये सत्तेवर टीका करणारे शास्त्रज्ञ साखारोव्ह यांचा निषेध करणाऱ्या पत्राखाली ज्यांची नावं छापून आली, त्यांत शोस्ताकोविचही होते.