‘ओरिजिनल विंडोज असताना परत पैसे मागितले’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कॉम्प्युटरमध्ये आधीपासून ओरिजिनल विंडोज होतं, कॅबिनेटवर त्याचं स्टिकर आहे, एसएसडीही (डेटा साठवायची डिस्क) जुनीच ठेवली, तरी मदरबोर्ड बदलल्यावर आम्ही नव्या विंडोजचे पैसे सांगितले. तुम्ही नाही म्हणालात, मशीन तसंच घेऊन गेलात आणि दुसऱ्या एकाने चारशे रुपयांत ‘लाइफटाइम’ करून दिलं. म्हणजे आम्ही लुटारू. वर चांगली रॅम विनाकारण बदलायला लावली आणि फोन उचलत नाही, हेही लिहिलंय.

छोट्या गोष्टी आधी. दुपारी काउंटरवर चोपडा, यावल, पाचोऱ्याहून आलेली माणसं उभी असतात तेव्हा फोन वाजत राहतो, हे खरं आहे. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला तर संध्याकाळपर्यंत उत्तर मिळतं. रॅमचं म्हणाल तर तुमचा जुना बोर्ड एच८१, त्यात डीडीआर३. नवा एच६१०, त्यात डीडीआर४. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, जुनी पट्टी नव्या बोर्डात बसतच नाही. ती तुम्हाला परत दिली आहे, पिशवीत बघा.

आता मुद्द्याचं. तुमचा धंदा आणि गाव मी इथं लिहीत नाही, पण मशीनची हकिगत लिहावी लागेल, कारण हा प्रश्न सध्या जळगावात जवळपास रोज काउंटरवर येतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो. तुमचा आय३ चौथ्या जनरेशनचा. म्हणून तुम्हीच म्हणालात की बोर्ड, प्रोसेसर, रॅम नवं टाका, बाकी सगळं तेच ठेवा. आम्ही तेच केलं. एसएसडीची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची होती, ती नव्या जीपीटी पद्धतीची करून घेतली. हिशेबाचा सगळा डेटा जागच्या जागी राहिला. तुम्ही स्वतः मागच्या वर्षाची बिलं उघडून पाहिलीत. रिव्ह्यूत हे नाही, ठीक आहे.

काम सुरू करायच्या आधी, जुना बोर्ड आत असतानाच, आम्ही तुमच्यासमोर एक कमांड चालवली होती. काळ्या-पांढऱ्या छोट्या चौकटीत चार-पाच ओळी येतात, त्यात लायसन्स कुठल्या प्रकारचं ते लिहिलेलं असतं. तुमच्या मशीनवर ‘ओईएम’ आलं, म्हणजे त्या एकाच मशीनला बांधलेलं लायसन्स. त्या चौकटीचा फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर आहे, आणि खाली माझा मेसेज : ‘हे लायसन्स नव्या बोर्डावर जाणार नाही, विंडोज वेगळं घ्यावं लागेल, चालेल का?’ त्यावर तुमचा अंगठा आहे. बिल झाल्यावर मात्र तुम्ही म्हणालात, ‘डबा तर तोच शे ना भो!’

डबा तोच, पण विंडोज डब्याला ओळखत नाही. स्टिकर कॅबिनेटवर चिकटवलेलं असतं म्हणून लायसन्स कॅबिनेटचं आहे असं वाटतं, त्यात तुमचा दोष नाही, चांगल्या चांगल्यांना तसंच वाटतं. विंडोजच्या फाइली एसएसडीत असतात, लायसन्स तिथंही नसतं. ॲक्टिव्हेशनच्या (विंडोज ओरिजिनल असल्याची नेटवरून खात्री होते त्या) वेळी मशीनच्या पार्ट्सवरून एक ओळख तयार होते आणि ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. त्यात सगळ्यात जास्त वजन मदरबोर्डाला. म्हणून रॅम वाढवा, एसएसडी टाका, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदला, ॲक्टिव्हेशन जात नाही. बोर्ड बदलला की समोर नवीन मशीन उभं राहतं. बोर्ड म्हणजे जमिनीचा गट आणि ओईएम लायसन्स म्हणजे त्या गटाचा सातबारा समजा. शेजारच्या गटात घर बांधून जुना उतारा दाखवला तर तलाठी ऐकणार नाही.

तुम्ही लिहिलंय, ‘मायक्रोसॉफ्टचा असा नियम नाही, यांनी बनवलेला आहे.’ नियम आहे आणि तो सरळ आहे. ओईएम विंडोज ज्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा बसलं त्याच्यासोबतच राहतं. अपग्रेड म्हणून मदरबोर्ड बदलला तर तो नवा कॉम्प्युटर धरला जातो आणि जुनं ओईएम लायसन्स त्यावर नेता येत नाही. एक सूट आहे : बोर्ड खराब झाला म्हणून बदलला आणि त्याच मॉडेलचा, किंवा कंपनीने वॉरंटीत ठरवलेला त्याच्या तोडीचा बोर्ड बसवला, तर नवं लायसन्स घ्यावं लागत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात बोर्ड मरतात, तेव्हा अशा गिऱ्हाइकांकडून आम्ही विंडोजचा एक रुपया घेत नाही. तुमचा बोर्ड चालू होता. चालूच आहे.

रिटेल पॅकचं, म्हणजे सुट्या विकत घेतलेल्या विंडोजचं, गणित वेगळं. तो एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतो, फक्त एका वेळी एकाच ठिकाणी. २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडता येतं. बोर्ड बदलायच्या आधी सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘अकाउंटला जोडलेलं डिजिटल लायसन्स’ असं दिसतंय का ते पाहायचं. बदलल्यावर त्याच अकाउंटने लॉगिन करून ट्रबलशूटर उघडायचा आणि ‘अलीकडेच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडायचा. एडिशन तीच पाहिजे, होमचं लायसन्स प्रोवर चालत नाही. एवढं जुळलं की बहुतेक वेळा काम तिथंच होतं. तुम्हाला कोटेशनमध्ये ओईएम आणि रिटेल दोन्हीचे भाव दिले होते, ते यासाठीच. रिटेल महाग पडतं, पण पुढच्या बोर्डालाही चालतं. दोन्हीपैकी काहीच नको असेल तर जुनंच मशीन ठेवा आणि विंडोज १० चं वाढीव सुरक्षा अपडेट घ्या, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळेल, असंही सांगितलं होतं. लुटायचंच असतं तर हा तिसरा पर्याय सांगितला नसता.

आता त्या चारशे रुपयांबद्दल. समोरच्याने काय टाकलं ते मी पाहिलेलं नाही, म्हणून त्याच्यावर आरोप करत नाही. तुम्हीच तपासा, अर्धा मिनिट लागतं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. चौकटीत एस-एल-एम-जी-आर, एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि लगेच एक्स-पी-आर असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. ‘कायमचं ॲक्टिव्हेट’ अशा अर्थाची ओळ आली तर निदान मुदतीचं भय नाही. तारीख आली, तर ते बहुधा केएमएसवरचं ॲक्टिव्हेशन आहे. केएमएस ही मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कसाठी केलेली सोय आहे. एकदा ॲक्टिव्हेट झालं की १८० दिवस चालतं आणि मधूनमधून कंपनीच्या सर्व्हरकडून नूतनीकरण होतं. तुमच्या दुकानात असा सर्व्हर नाही. मग बाजारातली जुगाडू फाइल तो सर्व्हर असल्याचं सोंग करते. विंडोज डिफेंडर तिला पकडतो, म्हणून टाकणारा आधी डिफेंडरला त्या फोल्डरकडे बघू नको असं सांगून ठेवतो. व्हायरस सेटिंग्जमध्ये ‘एक्सक्लूजन’ची यादी उघडून बघा, तिथं काही दिसलं तर समजा. त्याच मशीनवर तुम्ही जीएसटी रिटर्न भरता आणि बँकेचं लॉगिन करता, एवढंच म्हणतो.

कायमचं असं दाखवत असेल तरी लायसन्सची की (ॲक्टिव्हेट करायचा कोड) कुठून आली ते त्या टाकणाऱ्याला विचारा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या कीज बऱ्याचदा कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूम (अनेक मशीनसाठी एकगठ्ठा घेतलेल्या) लायसन्सच्या असतात, एकच की शेकडो जणांना विकलेली. मायक्रोसॉफ्टने ती बंद केली की कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ परत उमटतं आणि विकणारा नंबर बदलतो. पक्कं बिल मागा. आमच्या बिलावर १८ टक्के जीएसटी दिसतो म्हणून भाव जास्त वाटतो, पण तुमच्याकडे जीएसटी नंबर आहे, धंद्याच्या कॉम्प्युटरवर त्याचं क्रेडिट तुम्हाला मिळतं. चारशे रुपयांच्या कच्च्या चिठ्ठीवर काही मिळत नाही.

काही जण काउंटरवर सरळ म्हणतात, ‘सगळे टाकतात, तुम्हीच मोठे शहाणे का?’ कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ ब. नकली प्रोग्राम माहीत असून वापरला तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. घरगुती वापरात कोर्ट सूट देऊ शकतं, धंद्यातल्या वापरात तसं नाही. मशीन तुमच्या फर्मच्या नावावर, टाकणारे हात आमचे. चारशे रुपयांसाठी मी ते करणार नाही, एक स्टार मिळाला तरी चालेल.

शेवटचं, आणि हे खरं तर तुमच्या फायद्याचं आहे. तुमचं जुनं लायसन्स बुडालेलं नाही. जुना बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅम आम्ही तुम्हाला परत दिलंय. तो सेट दुसऱ्या कॅबिनेटमध्ये बसवून विंडोज १० ची तीच एडिशन टाकली आणि नेट जोडलं, की ते आपोआप ॲक्टिव्हेट व्हायला हवं, लायसन्सची की विचारणारसुद्धा नाही. वाढीव अपडेट घेतलं तर गोडाऊनमधली आवक-जावक लिहायला मशीन तयार. तो बोर्ड भंगारात देऊ नका. साधं कॅबिनेट आणि एसएमपीएस घेऊन या, जोडून देण्याची मजुरी लावणार नाही. रविवारी दुकान बंद असतं.