चिप्स मागितले होते, फ्राइज नाही

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी सरळ पुढे जा.

दुपारी इंग्लंडच्या यॉर्कशर भागात, लीड्समधल्या एका पबमध्ये ऑफिसच्या मंडळींबरोबर जेवायला गेले होते. मेनूवर स्वच्छ लिहिलेलं, फिश अँड चिप्स, म्हणजे तळलेला मासा आणि जाड कापून तळलेला बटाटा (इकडे चिप्स म्हणजे वेफर्स नव्हेत). ताट आलं. हॅडॉक मासा बरा होता. शेजारी तारेच्या इवल्याशा टोपलीत करंगळीहून बारीक फ्राइज, फ्रीझरच्या पिशवीतून आलेल्या, सगळ्या एका मापाच्या. वर केचपची पुडी. मी व्हिनेगर मागितलं तर वाढणारा पोरगा आत गेला आणि बऱ्याच वेळाने येऊन विचारतो, बाल्सॅमिक चालेल का?

बाल्सॅमिक, ते गोडसर इटालियन व्हिनेगर. यॉर्कशरमध्ये.

त्या पोराला मी काही बोलले नाही, त्याचा दोष नाही. मॅनेजरला मात्र घरी आल्याबरोबर मेल केला, की फ्राइज द्यायच्या असतील तर मेनूवर फ्राइज लिहा. नावाखाली दुसरंच काही वाढायचं ही फसवणूक आहे, मग ते ताट कितीही सुबक सजवा.

न्यू जर्सीतल्या माझ्या वहिन्या आता लगेच येतील कमेंटमध्ये, की बटाटाच तो, एवढं काय! नाही. फ्राइज हा बर्गरच्या कडेला बसणारा जिन्नस आहे. चिप्स हे जेवण आहे. लँकेशर-यॉर्कशरच्या गिरण्यांमधली माणसं शिफ्ट संपली की कागदात बांधलेलं हे गरम जेवण घरी नेत होती. पहिलं दुकान लंडनच्या ईस्ट एंडमध्ये जोसेफ मालिनने काढलं की इकडे उत्तरेत मॉस्लीला जॉन लीसने, यावर लोक अजून भांडतात. दोन्ही गोष्टी 1860 च्या आसपासच्या. दुसऱ्या महायुद्धात या देशात लोणी, साखर, मटण, सगळ्यावर रेशन होतं, फिश अँड चिप्सवर नव्हतं. सरकारलाही कळत होतं की एवढं एक काढून घेतलं तर माणसं खचतील.

आणि व्हिनेगरशिवाय चिप्स? तेलात तळलेल्या जाड बटाट्याला आंबट हवंच. पोह्यांवर लिंबू पिळायचं राहिलं तर आपण वाढणाऱ्याकडे कसे बघतो, तसंच आहे हे.

आई पहिल्यांदा मालवणहून इकडे आली तेव्हाची गोष्ट सांगते, म्हणजे मला नक्की कशाचं वाईट वाटतंय ते कळेल. थंडीचे दिवस, चारलाच अंधार. आमच्या कोपऱ्यावरच्या चिपीत, म्हणजे फिश अँड चिप्सच्या दुकानात, आम्ही रांगेत उभ्या. आई मासे खाणारी, पण बीफ घरात कधी आलेलं नाही. दारातच तिने मला ढोसलं, "तेल कसला, ता आधी इचार." मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं. त्या साठीच्या असतील, एप्रन, हातावर तळणाचे जुने चट्टे. त्यांनी आईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे बीफ ड्रिपिंग आहे, लव्ह. तुझ्या आईला ते चालायचं नाही." (ड्रिपिंग म्हणजे तळायला वापरतात ती बीफची चरबी.) मग काउंटरमागून बाहेर आल्या, दारात उभं राहून हाताने दाखवलं, चर्च ओलांडलं की डावीकडे, ते लोक वनस्पती तेलात तळतात. आलेलं गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या दुकानात पाठवलं. थंडीत दार उघडं ठेवून.

आता अमेरिकेकडे बघा. मॅकडोनाल्ड्सने तिथे 1990 मध्ये गाजावाजा करून बीफची चरबी सोडली आणि वनस्पती तेल आणलं. आपल्या लोकांनी विश्वास ठेवून वर्षानुवर्षं खाल्लं. 2001 मध्ये सिअ‍ॅटलला खटला उभा राहिला तेव्हा कळलं की फ्राइजमध्ये बीफचा स्वाद घातलेलाच होता. त्या वेळी ठाणे शहरातल्या मॅकडोनाल्ड्समध्ये काय तोडफोड झाली ते आठवत असेल तुम्हाला. भारतातल्या फ्राइजमध्ये ते नाही असं कंपनीने सांगितलं, आणि तोडफोडीचं समर्थन मी करत नाही. पण अमेरिकेत कंपनीला माफी मागावी लागली आणि 2002 मध्ये 1 कोटी डॉलर द्यायचे ठरले. एवढी मोठी कंपनी जे सांगू शकली नाही, ते आमच्या कोपऱ्यावरच्या बाईंनी विचारताच, दोन वाक्यांत सांगितलं. अजूनही तिथल्या फ्राइजच्या घटकांच्या यादीत बीफचा स्वाद आहे, रंग एकसारखा यावा म्हणून डेक्स्ट्रोज नावाची साखर आहे, आणखी काय काय आहे. बटाट्याला एवढ्या गोष्टी लागतात कशाला?

बरं, फ्राइज जास्त कुरकुरीत असतात. मान्य. कारखान्यात गरम पाण्यातून काढून, वाळवून, अर्ध्या तळून, गोठवून पाठवल्यावर कुरकुरीत होणारच. चिप्स कुरकुरीत असायला हवेत हे ठरवलं कोणी? मॅरिस पायपर नावाचा बटाटा आहे, केंब्रिजच्या संशोधकांनी तयार केलेला, 1966 चा. जाड कापून तळला की बाहेरून जेमतेम कडक, आतून पिठूळ. त्यावर माल्ट (जवाचं) व्हिनेगर, मग मीठ. आधी व्हिनेगर, नाहीतर सगळं मीठ वाहून तळाला जातं. मग कागद बंद करायचा आणि घरी पोचेपर्यंत उघडायचा नाही. आतल्या वाफेने चिप्स थोडे मऊ पडतात, व्हिनेगर आत मुरतं. तळाशी जे पाच-सहा चिप्स पार भिजलेले सापडतात ना, त्यासाठी आमच्या घरात भांडणं होतात. बारीक फ्राइजवर व्हिनेगर घालून बघा, चिखल होतो. म्हणूनच त्यांना केचप लागतं. तेलावर गोड, आणि वर पुन्हा गोड शीतपेय.

(हो, मेरीलँडमध्ये ओशन सिटीला थ्रॅशर्स म्हणून 1929 पासूनचं दुकान आहे, तिथे फ्राइजवर व्हिनेगर देतात आणि केचप ठेवतच नाहीत. एक दुकान. त्यांना माझा नमस्कार.)

कुणीतरी हेही काढेलच, की चिपीतलं व्हिनेगर बऱ्याचदा खरं नसतं. पाण्यात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि कॅरमेलचा रंग, कायद्याने त्याला व्हिनेगर म्हणताही येत नाही. खरं आहे ते, आणि मला आवडत नाही. सार्सन्स ही कंपनी 1794 पासून जवाचं व्हिनेगर करते, दुकानांनी ते वापरावं. पण पातळ का असेना, काउंटरवर बाटली असते आणि हात आखडता न घेता ओतू देतात. पुडी मोजून देत नाहीत.

चर्चच्या पलीकडच्या त्या दुसऱ्या दुकानातून आम्ही चिप्स घेतले, आणि समोरच्या बुटक्या भिंतीवर बसून कागद उघडला. आईने पहिला चिप तसाच खाल्ला, काही बोलली नाही. मी तिच्या वाटणीवर व्हिनेगर ओतलं. दुसरा खाल्ला आणि म्हणाली, "आता चव इली." घरापासून इतक्या लांब, बोटं गारठलेली, भाषा येत नाही, आणि तिला तिथे ओळखीचं काहीतरी सापडलं. पुढे राहिली तितके दिवस दर शुक्रवारी तीच आठवण करायची, चिप्स आणूया म्हणून. जाताना पहिल्या दुकानातल्या बाईंना भेटूनही आली. इंग्रजी एक शब्द नाही, नुसते हात हातात घेतले.

ते पहिलं दुकान आता बंद आहे. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धाने सूर्यफुलाचं तेल, मासे, वीज, सगळंच महागलं, कितीतरी चिपी मोडल्या. एकेकाळी या देशात 30 हजारांहून जास्त होत्या, आता 10 हजारांच्या आसपास उरल्यात. आणि ज्यांच्याकडे मोठं स्वयंपाकघर आहे, ते पब पिशवी फोडून फ्राइज वाढतात आणि त्याला चिप्स म्हणतात. राग यायला नको का?

ड्रिपिंगवाल्यांवर माझा राग नाही. यॉर्कशरची ती पद्धत आहे, त्यांनी ती ठेवावी. फक्त विचारल्यावर खरं सांगावं. मला अजून कुणी खोटं सांगितलेलं नाही.

शनिवारी आम्ही स्कार्बरोला जातोय. आमच्या गाडीत दोन जागा आहेत, लीड्स-ब्रॅडफर्डमधल्या कुणाला यायचं असेल तर उद्या रात्रीपर्यंत मेसेज करा. वनस्पती तेलात तळणारं दुकान मी आधी फोन करून विचारून ठेवते, म्हणजे बीफ न खाणाऱ्यांची अडचण होणार नाही. स्वेटर आणा, समुद्रावर वारा असतो. व्हिनेगर मी घेऊन येतेय, खरं, जवाचं.