'आधी अँटीव्हायरस बंद करा' म्हणणाऱ्या संगीतगुरूंना

गणपतीच्या आधी महिनाभर सांगलीत प्रत्येक गल्लीत एक संगीतकार उगवतो. मंडळाला स्वतःचं गाणं लागतं आणि ते कुणाच्या तरी भाच्याकडून फुकटात हवं असतं. यंदा तो भाचा माझा होता. ताईचा फोन आला, "अरे, ह्याचा लॅपटॉप इस्त्रीसारखा तापतोय, जरा येऊन बघतोस का?" गेलो. एकही प्रोग्रॅम उघडा नव्हता, तरी पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. टास्क मॅनेजर उघडला तर कुणीच टाकला नव्हता असा एक प्रोग्रॅम निम्म्याहून जास्त प्रोसेसर खात बसलेला.

"काय टाकलंस यात?" म्हटल्यावर त्यानं मोबाइल पुढे केला. मेसेज फॉरवर्डचा होता, माझ्याकडेही तीन ग्रुपांवरून येऊन गेलेला. त्याचं सार असं: फुकटच्या सिंथचा (संगणकावर आवाज घडवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) आवाज पातळ असतो. ज्यात प्रीसेट, म्हणजे आयते तयार आवाज, जास्त तो सिंथ भारी. दहा-बारा सिंथ असल्याशिवाय गाणं होत नाही. आपल्याकडचे आवाज हवेत तर महागडा 'इंडियन' पॅकच लागतो. आणि परवडत नसेल तर बिनधास्त क्रॅक (कुलूप तोडलेली चोरीची प्रत) टाका, सगळेच टाकतात, शिकायला वापरलं तर गुन्हा नाही. फक्त टाकताना अँटीव्हायरस बंद ठेवा, तो उगाच घाबरवतो.

सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो, कारण लॅपटॉप त्यानं तापला.

अँटीव्हायरस कधीकधी उगाच ओरडतो, हे कबूल. कुलूप तोडणारी फाइल दिसली की आत विष असो-नसो, तो बोंब मारतो. पण कुत्रा अधूनमधून मांजरावरही भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधून, दार सताड उघडं टाकून झोपतं का कुणी? आणि इथं तर चोरच सांगतोय की कुत्रा बांधून ठेवा.

हे मी मनाचं सांगत नाही. जून २०१९ मध्ये ईसेट या अँटीव्हायरस कंपनीच्या संशोधकांनी 'लाउडमायनर' नावाच्या प्रकाराचा अहवाल दिला. एकाच वेबसाइटवर संगीताची १३७ चोरीची सॉफ्टवेअर सापडली, ४२ विंडोजची आणि ९५ मॅकची. ऑगस्ट २०१८ पासून हा धंदा चालू होता. प्लगिन (गाण्याच्या प्रोग्रॅमला जोडायचं सॉफ्टवेअर) टाकलं की त्याच्यासोबत तुमच्या संगणकात गुपचूप दुसरा, सॉफ्टवेअरनं उभा केलेला आभासी संगणक बसायचा: विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स, मॅकवर क्यूईएमयू, आत छोटंसं लिनक्स, आणि ते रात्रंदिवस कुणा तिसऱ्यासाठी मोनेरो नावाचं आभासी चलन खणत बसायचं. वीजबिल तुमचं, नाणी त्याची. यात मला सगळ्यात झोंबलं ते संगीताचीच सॉफ्टवेअर निवडण्याचं कारण. सिंथ तसेही प्रोसेसर भरपूर खातात, त्यामुळे मशीन धापा टाकायला लागलं तरी कुणाला संशय येत नाही. आणि सॅम्पलच्या, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या, फाइली मुळातच अवाढव्य, त्यांच्या आड आख्खा दुसरा संगणक दडवला तरी वजन खुपत नाही. म्हणजे आपल्याला बरोबर ओळखून बनवलेलं आहे हो ते! आता अँटीव्हायरस विकणारी कंपनी अँटीव्हायरस लावा म्हणणारच, एवढं मलाही कळतं. पण त्यांनी नुसता इशारा देऊन सोडलेलं नाही, कुठली फाइल काय करते ते उघड करून मांडलं आहे.

'शिकायला वापरलं तर गुन्हा नाही' हेही धादांत खोटं. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ६३ ब: चोरीची प्रत आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरलं तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. कमाईसाठी वापरलं नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं आणि ५० हजारांपर्यंतचा दंड लावू शकतं. याला 'गुन्हा नाही' म्हणत नाहीत, शिक्षेत सवलत म्हणतात. सांगलीत पोलीस कुणाच्या घरी सिंथ तपासायला येणार नाहीत, तेही खरंच. पण मग तसं लिहा ना. कायदा कशाला बनवून सांगता?

असो. विंडोज नव्यानं टाकली. मंडळाचं गाणं त्याच डिस्कवर होतं, दुसरी प्रत कुठेच नव्हती. पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही.

आता पातळ आवाजाचं. मी सीरम नावाचा सिंथ विकत घेतलेला आहे. त्याची किंमत वर्षानुवर्षं १८९ डॉलर होती, इथल्या पोराच्या खिशाला ती काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको. भाच्याला घरी बोलावलं, भिंतीकडे तोंड करून बसवलं. एकीकडे सीरम, दुसरीकडे फुकटचा व्हायटल. दोन्हींत एकच सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी ध्वनिलहर), इफेक्ट सगळे बंद, आवाजाची पातळी सारखी करून घेतलेली. मधल्या सप्तकातली काळी एक दहा वेळा दाबली, कधी यातून, कधी त्यातून. पाच वेळा बरोबर आला, पाच वेळा चुकला. म्हणजे छापा-काटाच. वेगळं काही निघायचं कारणही नव्हतं. सॉ वेव्हमध्ये दुसरा स्वरांश (एका स्वरात दडलेले चढते स्वर म्हणजे स्वरांश) पहिल्याच्या निम्म्या जोराचा, तिसरा एक तृतीयांश, असंच पुढे. ते गणित विकत घेतलं म्हणून जाड होत नाही.

फरक कुठे पडतो? फिल्टरच्या, म्हणजे नको ते स्वरांश गाळणाऱ्या चाळणीच्या, स्वभावात पडतो, आणि वरच्या पट्टीत पडतो. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तितके नमुने) २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. न मावलेलं नीट गाळलं नाही तर ते खाली दुमडून परत येतं आणि वरचे स्वर पत्र्यासारखे किरकिरतात. जुन्या काळचे बरेच फुकटे सिंथ तसे किरकिरायचे, मी स्वतः वापरलेत. मेसेज लिहिणाऱ्याचे कान तिथेच अडकले असावेत. व्हायटल आला २०२० मध्ये. त्याच्या फुकट आवृत्तीत प्रीसेट कमी मिळतात, पण आवाज तयार करणारं इंजिन पैसेवाल्या आवृत्तीचंच आहे. सर्ज हा तर आधी विकाऊ सिंथ होता, २०१८ मध्ये त्याच्या कर्त्यानं तो सगळ्यांसाठी खुला केला. म्हणजे काल दाम लावलेला होता तोवर जाड, आणि आज फुकट झाला म्हणून पातळ?

प्रीसेटच्या आकड्याबद्दल एवढंच: यामाहाचा डीएक्स७ हा सिंथ १९८३ मध्ये आला तेव्हा त्याच्या पोटात ३२ आवाज मावायचे. त्यातला एक इलेक्ट्रिक पियानो ऐंशीच्या दशकातल्या किती गाण्यांत वाजला याला गणती नाही. तो आज हवा असेल तर डीएक्स७ ची नक्कल करणारा डेक्स्ड फुकट आहे, डीएक्स७ च्या जुन्या आवाजांच्या फाइलीसुद्धा त्यात उघडतात. दहा-बारा सिंथ लागतात या मुद्द्यावर मी वेळ घालवणार नाही. ज्याला एका सिंथचा एन्व्हलप (स्वर कसा उठतो, कसा विरतो ते) नीट लावता येत नाही, त्याला बारा दिले तर बारा ठिकाणी येणार नाही.

राहिला 'इंडियन' पॅक. हा मेसेज सांगलीत फिरतोय, लक्षात घ्या. मिरज इथून दहा किलोमीटर. जिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या पोरांनी परदेशात रेकॉर्ड झालेला तानपुरा डॉलर मोजून घ्यायचा! व्हायटलमध्ये स्वतःचं रेकॉर्डिंग ओढून टाकता येतं आणि त्याच आवाजाला फिल्टर लावून, त्याचा कटऑफ (कुठून वरचे स्वर गाळायचे ती मर्यादा) सरकवून हवं तसं वाजवता येतं. फुकट आवृत्तीत.

म्हणून रविवारी भाच्याला गाडीवर बसवून मिरजेत सतारमेकर गल्लीत नेलं. एका कारागिराला विचारून, समोर मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. ते तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंज, लावत होते. तार छेडायची, घोडीवरचा सुती दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. सुरुवातीला तार नुसतीच ठण् वाजत होती. दोरा सरकत गेला तसा त्याच तारेतून वरचे स्वर एकेक करून उघडायला लागले, आणि एका जागी आख्खी खोली गुंजली.

भाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मामा, कटऑफ!"

कारागिरानं मान वर न करताच विचारलं, "काय म्हणतोय पोरगा?"

"काही नाही, त्या दोऱ्याला ते कटऑफ म्हणतात."

"म्हणू द्या की," ते म्हणाले आणि दोरा आणखी केसभर पुढे सरकवला.